धवलारणीचं बोलावणं

मुलीकडच्यांनी दारापर्यंत सामोरं यायला हवं होतं, असं जगनकाकांचं म्हणणं होतं. ते आले नाहीत, म्हणून सगळ्या वरपक्षाच्या वतीने जगनकाका रुसून आपल्या खोलीत जाऊन बसले होते आणि काही केल्या बाहेर यायला तयार नव्हते. खोपटच्या एसटी डेपोत गाड्या सोडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला गाडी अडवून धरण्याची कला वेगळी शिकवावी लागत नाही. दर्शना दारात उभी राहून त्यांची मनधरणी करत होती. तिच्या एका हातात झेंडूची माळ होती, दुसऱ्या हातात कानाला लावलेला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये मघापासून नुसतीच रिंग वाजत होती.

"काका, चला ना. गोदूमावशी स्वतः येऊन ओवाळतील तुम्हाला. मी सांगते त्यांना."

"सांगून ओवाळलं तर त्यात मान कसला?" जगनकाका भिंतीकडे बघत म्हणाले. "आम्ही मुलाकडचे आहोत."

मुलगा म्हणजे जुन्या सुती साडीत कापूस भरून शिवलेला हातभर लांबीचा बाहुला होता. मुलगीही तशीच, फक्त तिला लोकरीचे केस आणि गोदूबाईंच्या खणाचं परकर-पोलकं होतं. टिटवाळ्याच्या 'सायंतारा' वृद्धाश्रमात आज त्या दोघांचं लग्न होतं. नवऱ्याचं नाव साईनाथ आणि नवरीचं सान्वी, हे हात वर करून बहुमताने ठरलं होतं. तीन आठवडे सगळं घर त्या लग्नात गुंतलं होतं आणि हा दर्शनाचा इथला पहिला खरा विजय होता.

कारण त्याआधीचं सगळं फसलं होतं. डोंबिवलीच्या एका बालवाडीत अनेक वर्षं काढून दर्शना इथे आली, ती बालवाडीची पोतडी तशीच घेऊन. पहिल्या महिन्यात तिने संगीतखुर्ची ठेवली. गाणं थांबेपर्यंत कुणी उठलंच नव्हतं, त्यामुळे कुणी बादही झालं नाही. मोहन्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या धोंडीबांना तिने रंगवायला मोराचं चित्र दिलं, तर त्यांनी ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याच्या टाकीची गळती कुठे आहे ते काढून दाखवलं. हसण्याचा तास झाला, त्यात एकटी दर्शना हसली. पण हार मानणं तिच्या स्वभावातच नव्हतं. स्वस्थ बसलेला माणूस दिसला की तिच्या पायाला भिंगरी लागे. स्वतः तर ती कधी बसतच नसे. तिचा चहा रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीत गार होऊन सापडायचा. माणूस रिकामा बसला की आतून विझायला लागतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत कुणी विझू नये म्हणून ती दिवसभर धावत असायची.

बाहुला-बाहुलीच्या लग्नाची कल्पना काढली तीही तिनेच. पण ती काढल्यावर मात्र म्हाताऱ्यांनी तिच्या हातातून लग्न काढून घेतलं. रुखवत काय, मुंडावळ्या काय, पंगतीचा बेत काय. लग्न मुहूर्तावरच लागलं पाहिजे, असं गोदूबाईंनी बजावलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं. मे महिन्यातला रविवारचा चांगला मुहूर्त एकच निघाला, दुपारचा. तो ठरला. आश्रमाचे व्यवस्थापक श्रीपादराव यांनी त्याच दिवशी नातेवाइकांना आणि विश्वस्तांना बोलावून टाकलं.

सगळे गुंतले, एक कमळाबाई सोडून.

कमळाबाई फाटकाजवळच्या बाकावर बसून असायच्या. कल्याणच्या खाडीकडच्या एका आगरी गावातल्या. त्यांच्या घराच्या जागी सात मजली इमारत उठली, मुलाने मोठ्या कौतुकाने तिला 'कमळाई हाइट्स' असं नाव दिलं, आणि कमळाबाई स्वतः टिटवाळ्याला आल्या. त्या एके काळी धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत एकेक विधी गाण्याने बांधत नेणारी बाई ती धवलारीण, आणि तिची ती गाणी म्हणजे धवला. कमळाबाईंच्या धवल्याशिवाय पंचक्रोशीत लग्न लागत नसे, हे त्यांच्या मुलानेच, काळुरामने, त्यांना सोडायला आला तेव्हा सांगितलं होतं. दर्शनाने ते डोक्यात ठेवलं होतं. बाहुल्यांचं लग्न ठरलं तशी ती नाचतच बाकाकडे गेली. आजी, आता तुम्हीच धवला म्हणायचा, असं म्हणाली. आपण फार मोठं काहीतरी जमवून आणतोय, असंच तिला वाटत होतं.

कमळाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत, पण बालवाडीत दर्शना ज्या नजरेने पोरांकडे बघायची तीच ती नजर होती.

"बावल्यांचे लग्नान धवला नाय म्हनत, पोरी. धवला म्हनला का लगीन लागला. मंग ता सोरवता नाय येत."

एकदा लागलेलं लग्न मग सोडवता येत नाही, हे ऐकून दर्शना ओशाळली. मग कमळाबाईंनीच तिला शेजारी बसायची खूण केली, आणि दर्शना उभ्याउभ्याच ऐकू लागली. नातीचं, करिश्माचं, लग्न ठरलं होतं. ठाण्याचा मुलगा, मितेश नाव. करिश्माने स्वतः फोन करून सांगितलं होतं, आजे, तू यायचंस आणि तूच म्हणायचंस. तेव्हा म्हणेन, असं कमळाबाई म्हणाल्या. तो गळा त्यांनी नातीसाठी राखून ठेवला होता. लग्न कधी आहे, असं दर्शनाने विचारलं. तोच रविवार, तोच दुपारचा मुहूर्त. अर्थात, त्यात नवल काहीच नव्हतं. कॅलेंडर सगळ्यांच्या भिंतीवर एकच असतं.

"मी बघते आजी," ती म्हणाली. "तुम्ही जाणार. मी पोचवते तुम्हाला."

दर्शनाचं हे असंच होतं. शब्द आधी सुटायचा, आणि मग ती त्याच्यामागे धावायची.

त्याच संध्याकाळी तिने काळुरामला फोन लावला. तो माणूस वाईट नव्हता. दर महिन्याला न चुकता यायचा, आईचे पाय दाबून जायचा. पण लग्नाचा विषय निघाल्यावर तो नुसतं हो, बघू, बघू म्हणत राहिला, आणि दर्शनाने फारच लावून धरल्यावर त्याने मनातलं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या, नयनच्या, लग्नात आई धवला म्हणायला बसली होती. हॉलची वेळ संपत आली, भटजी चुळबुळ करायला लागले, माणसं उठून जेवायला गेली. आणि म्हणता म्हणता आईने नवऱ्या मुलाच्या जागी आपल्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं. लोक हसले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला. आता तर मुलाकडचे ठाण्याचे, शिकलेले, धवला म्हणजे काय हेही त्यांना माहीत नाही. "माझ्या आयेवर परत कोन हसलेला मना नाय बघवत, ताई," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, बरं, सकाळी गाडी पाठवतो. करिश्माही ऐकत नाही.

तर आज ती सकाळ होती, नव्हे, सकाळ सरत आली होती, आणि गाडीचा पत्ता नव्हता.

कमळाबाई उजाडायच्या आत आंघोळ करून तयार झाल्या होत्या. जांभळं लुगडं, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाश्ता आणून दिला तर नको म्हणाल्या, धवला म्हणायचा तर पोट हलकं लागतं. त्या फाटकाजवळच्या बाकावर ताठ बसल्या होत्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवत होत्या.

दर्शनाची मात्र हॉल ते फाटक आणि फाटक ते हॉल अशी फरफट चालली होती. हॉलमध्ये विश्वस्त येऊन बसले होते, कैरीचं पन्हं फिरत होतं, गोदूबाई बाहुलीच्या नाकात नथ अडकवत होत्या आणि नथ बाहुलीच्या तोंडापेक्षा मोठी होती. श्रीपादराव तिला दर दोन मिनिटांनी हाक मारत होते. स्पीकर लागला का? फोटो कोण काढतंय? जगनकाका कुठे गेले? ती सगळ्यांना हो हो म्हणत होती आणि काळुरामचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होती. लग्नघरात फोन कोण उचलतो. एकदा करिश्माचाही लावून पाहिला, तो बंदच होता. अंगावर हळद असताना पोरगी फोन कुठे ठेवणार.

ती फाटकाशी गेली की कमळाबाई काही विचारत नसत. नुसत्या वर बघत. त्या बघण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर दर्शनाला बरं वाटलं असतं.

जगनकाकांचा रुसवा शेवटी गोदूबाईंच्या हातच्या दोन लाडवांवर मिटला आणि वरपक्ष हॉलमध्ये दाखल झाला. आता मात्र दर्शनाला राहवेना. ती श्रीपादरावांना बाजूला घेऊन म्हणाली, की मी आजींना रिक्षाने कल्याणला नेऊन पोचवते, आत्ता निघालो तर जेमतेम पोचू. श्रीपादरावांनी कपाळाला हात लावला. घरच्यांनी न्यायला आल्याशिवाय कुणाला बाहेर सोडता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, वाटेत या उन्हात काही झालं तर उत्तर कोण देणार, आणि हा एवढा पसारा मांडून तुम्हीच निघून जाणार? ते काही चुकीचं बोलत नव्हते. दर्शनाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि मागच्या दाराने बाहेर पडून नाक्यावरून रिक्षा घेऊन आली. नोकरी गेली तर जाईल, असं ती त्या पाच मिनिटांत तीनदा स्वतःशी म्हणाली.

रिक्षा फाटकाशी थांबली तशा कमळाबाई उठून उभ्या राहिल्या. पिशवी काखेत मारली. रिक्षाच्या दांडीला हात लावला आणि थांबल्या.

"काळूनी धाडलीय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. रिक्षावाला तर ओठांवर हो घेऊनच बसला होता. पण त्या वर केलेल्या तोंडाकडे बघून दर्शनाला खोटं बोलवेना.

"नाही आजी. मीच बोलावली. त्यांचा फोन लागत नाहीये. आपण जाऊ ना, पोचू आपण."

कमळाबाईंनी दांडीवरचा हात काढून घेतला.

"मंग मी नाय जायाची. धवलारनीला न्यायला मानूस येतो. बोलवल्याबिगर ती मांडवान पाय ठेवत नाय."

"आजी, तुमच्या नातीचं लग्न आहे. तिथे कसलं बोलावणं?"

"नात हाय म्हनूनच," कमळाबाई म्हणाल्या. "परक्याचे घरी येकवार गेली असती. पोटच्या पोरानी बोलवायला नको?"

दर्शनाला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. काळुरामचा, श्रीपादरावांचा, आणि ज्या कॅलेंडरने सगळ्यांना एकच दिवस दिला त्याचासुद्धा. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तिने त्याला हातानेच जायला सांगितलं. रिक्षा वळून गेली आणि रस्ता पुन्हा रिकामा झाला. आतून हॉलमध्ये कुणीतरी स्पीकर लावून बघत होतं, सनईचा एक तुकडा वाजला आणि बंद पडला.

"मूर्त कवाचा?" कमळाबाईंनी विचारलं.

"आलाच आता," दर्शना म्हणाली.

कमळाबाई रस्त्याकडे पाठ करून हॉलकडे चालू लागल्या. दर्शना मागे धावली. त्या आपल्या खोलीत जाऊन पडतील, असंच तिला वाटलं होतं, पण त्या व्हरांडा ओलांडून सरळ हॉलमध्ये शिरल्या. तिथे साड्यांचा मांडव होता, केळीचे दोन खुंट होते, चौरंगावर समोरासमोर बाहुला आणि बाहुली होती आणि मध्ये धोंडीबांनी धरलेला अंतरपाट. श्रीपादराव मोबाइलवर मंगलाष्टकं लावायच्या बेतात होते. कमळाबाईंनी सगळा मांडव एकदा नजरेखालून घातला. मग चौरंगापुढे खाली बसल्या, गुडघ्यांनी बराच त्रास दिला तरी कुणाचा हात घेतला नाही, आणि पिशवीतून हळदीची पुडी आणि उंबराची एक वाळलेली डहाळी काढून पुढ्यात ठेवली.

"ती वाजंत्री बंद कर, दादा," त्या श्रीपादरावांना म्हणाल्या.

आणि त्यांनी धवला सुरू केला.

आवाज पहिल्यांदा फाटका निघाला. दोन ओळी तशाच गेल्या, विश्वस्तांपैकी कुणीतरी खोकलं. मग गळा तापला. उंच नव्हता तो, गोडही नव्हता. एका सुरात पुढे पुढे जाणारा, दळताना जात्याचा चालतो तसा. त्यांनी आधी गणपतीला आवतण दिलं, मग गावदेवीला, मग खाडीला, उंबराला, मांडवाच्या खांबांना. हॉलमधलं पन्ह्याचं वाटप थांबलं. गोदूबाईंनी नकळत डोक्यावरून पदर घेतला. दर्शना भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या मनात एकच धास्ती होती, आता नावं येणार. नयनच्या लग्नात तिथेच तर सगळं घसरलं होतं.

नावं आली. कमळाबाईंनी नवरीचं नाव घेतलं, करिश्मा. काळुरामाची लेक, नयनची बहीण, आजीची नात. नवऱ्याचं घेतलं, मितेश, ठाण्याचा. एकही नाव चुकलं नाही. डोळे मिटलेले होते आणि बोटं समोरच्या बाहुलीला हळद लावत होती, पण ती हळद बाहुलीला लागत नव्हती, हे दर्शनाला आरपार कळलं.

"अहो, सान्वी," जगनकाका हळूच पुढे झुकून म्हणाले. "मुलीचं नाव सान्वी आहे. मुलगा साईनाथ."

दर्शनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वर बघितलं, तिचा चेहरा बघितला. तिने काहीच सांगितलं नव्हतं, पण मुलाकडचा तो भांडकुदळ पुढारी सावरून बसला आणि त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

धवला बराच वेळ चालला. हॉलची वेळ संपत नव्हती, कुणाला जेवायला जायची घाई नव्हती. या घरात दुसरं काही नसलं तरी वेळ भरपूर होता. शेवटी कमळाबाई थांबल्या आणि त्यांनी अंतरपाट दूर करायची खूण केली. बाहुला-बाहुलीवर अक्षता पडल्या. काहींना आपण नक्की कुणाचं लग्न लावलं ते कळलं नव्हतं, पण टाळ्या वाजवाव्यात असं कुणालाच वाटलं नाही. फोटो काढायचे राहूनच गेले.

कमळाबाई उठल्या नाहीत. दर्शना पुढे गेली, वाकून म्हणाली, आजी, चला, जेवून घ्या.

"धवलारनीला रित्या हातानी नाय उठवत, पोरी."

दर्शना स्वयंपाकघरात धावली. सूप नव्हतं, म्हणून स्टीलच्या परातीत तांदूळ घेतले, वर नारळ ठेवला. कमळाबाईंनी ते दोन्ही हातांनी कपाळाला लावून घेतलं, तांदूळ पदरात बांधले आणि मगच उठल्या.

काळुरामची गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तो स्वतःच चालवत आला होता. रेशमी कुर्ता, कपाळावर पुसट झालेला टिळा, खांद्यावर नवं उपरणं, हातात जेवणाचे डबे. कमळाबाई पुन्हा आपल्या बाकावर बसल्या होत्या. तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि दर्शनाकडे न बघता बोलत सुटला. आईला आणायला ठेवलेली गाडी ऐन वेळी मुलाकडची माणसं आणायला ठाण्याला गेली, मग ट्रॅफिक लागला, मग मुहूर्त चुकेल म्हणून भटजी ओरडायला लागले. करिश्मा मांडवातसुद्धा सारखी दाराकडे बघत होती.

"आये, बोल काय तरी," तो म्हणाला. "शिव्या दे मना."

कमळाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. पदराची गाठ सोडली.

"हे तांदूल पोरीचे पदरान घाल," त्या म्हणाल्या. "आजीनी धवला म्हनलाय, सांग तिला. मूर्तावर म्हनलाय. नाव येक नाय चुकला."

काळुरामने डबे बाकावर ठेवले. तांदूळ कशात घ्यावेत ते त्याला समजेना. खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं. दर्शना कागदाची पिशवी आणायला वळली, सवयीने, आणि मग तिची तीच थांबली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. त्या बाकावर ती पहिल्यांदाच बसत होती.

काळुरामने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी आईपुढे पसरलं. कमळाबाईंनी पदर झाडून शेवटच्या दाण्यापर्यंत तांदूळ त्यात ओतले. एवढा दांडगा माणूस, पण त्याला गाठ मारता येत नव्हती. तो पुन्हा पुन्हा मारत होता आणि ती पुन्हा पुन्हा सुटत होती. शेवटी कमळाबाईंनी त्याचे हात बाजूला केले आणि गाठ स्वतः मारून दिली.